डाव्या डोळ्याची जागा

भिवंडीतल्या निम्म्या लूमवाल्यांनी शेलार गावच्या कोंडूला पाठमोरंच पाहिलं होतं. त्याचं कामच तसं होतं. लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, पुढच्या अंगाला कापड उतरतं. तिथे कारागीर उभा असतो, शेठ येऊन कापडावरून हात फिरवतो, गिऱ्हाईक ताटकळतं. मागच्या अंगाला बीम असतं, हजारो तारा गुंडाळलेला जाडजूड रूळ. तिकडे सहसा कुणी फिरकत नाही. बीम संपत आलं की कोंडूला बोलावणं जायचं. तो यायचा, चपला दाराशी काढायचा, डबा खुंटीला अडकवायचा आणि लूमच्या मागे अशा बेतानं बसायचा, की मशीनच्या पोटातच शिरला असं वाटावं. मग दिवसभर त्याचं डोकं आणि पाठ तेवढी दिसे.

नवं बीम जुन्याला जोडायचं, हे त्याचं काम. जुनं बीम संपलं म्हणून त्याच्या तारा कुणी ओढून काढत नाही. वीतभर शेपटं लूममध्ये तशीच राहू देतात, कारण प्रत्येक तार आपापल्या भोकातून, फणीच्या आपापल्या दातातून ओवलेली असते. ती एकदा निघाली की सगळं पुन्हा ओवत बसा. कोंडू नव्या बीमची एक तार घ्यायचा, तिच्या वाटणीचं जुनं शेपूट शोधायचा, बोटाला राख लावून दोघांना पीळ द्यायचा, आणि पुढची घ्यायचा. हे त्याला त्याच्या मामानं शिकवलं. मामा म्हणायचा, जुनं टोक सोडायचं न्हाय आन् त्याची जागा दुसऱ्याला द्यायची न्हाय. बाकी सगळं बोटं शिकवतात.

या कामाचा एक रिवाजही होता. जोडकाम चालू असताना किती झालं, किती राहिलं, असं जोडणाऱ्याला कुणी विचारायचं नाही. विचारलं की तार तुटते. घाई असलेला शेठसुद्धा फार तर लांबून खाकरायचा.

कोंडू मुळातच कमी बोलणारा, त्यात हा रिवाज त्याच्या अंगवळणी पडलेला. रागावला तरी आवाज नाही. डबा उचलून घरी जायचा आणि दुसऱ्या दिवशी येऊन जिथे सोडलं होतं तिथूनच तार धरायचा. त्याची बायको जाईबाई म्हणायची, "ह्यांच्याशी भांडायचं म्हंजे भिंतीशी भांडायचं. भिंत तरी कधीमधी पोपडं टाकते."

धामणकर नाक्याच्या मागे गुलाम हुसेन शेठचा कारखाना आहे. गुलाम हुसेनचं घराणं कोकणातून कधीचं इथे आलेलं, आजोबांपासून लूमचा धंदा. कोंडू आणि तो एका वयाचे. दोघांच्या मिशा एकदमच पिकल्या, असं कारागीर म्हणत. त्या कारखान्यात एका दुपारी कोंडू बीम जोडत बसला असताना शेजारच्या लूमचा धोटा उडाला. धोटा म्हणजे आडवी तार घेऊन इकडून तिकडे धावणारा लाकडी तुकडा, दोन्ही टोकांना लोखंड बसवलेला. एरवी तो उडाला तर भिंतीवर आपटतो. त्या दिवशी तो कोंडूच्या डाव्या डोळ्यावर बसला.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की डोळा वाचणार नाही. तसाच ठेवला तर उजव्यालाही दुखणं लागू शकतं, तेव्हा काढलेला बरा. कोंडूचा मुलगा सुगत कशेळीच्या गोदामातली शिफ्ट सोडून बापाशेजारी बसून होता. त्यानं मान हलवली. कोंडूनंही हलवली, पण त्याचं डोकं पट्टीत गुंडाळलेलं असल्यामुळे ते कुणाला नीट दिसलं नाही.

ऑपरेशनच्या आधी एक मुलगी आली. अंगात पांढरा कोट, आवाज हळू. "काका, मी मेघाली," ती म्हणाली. "मी तुमचा इलाज करणारी डॉक्टर नाही. मी प्रयोगशाळेत काम करते." मग तिनं खुर्ची जवळ ओढली आणि सावकाश सांगितलं. जो डोळा काढणार आहेत त्याच्या आत, काळ्या बुबुळामागच्या कडेला, काही पेशी असतात. मोठ्या माणसाच्या डोळ्यातही त्या असतात, आणि त्यातल्या काही पुन्हा वाढू शकतात असं दिसतं. काचेच्या ताटलीत, उबेला ठेवून, त्यांना खाणंपिणं घालून त्या वाढवायच्या, आणि त्यातून डोळ्याच्या पडद्यासारखं काही नव्यानं तयार होतं का ते बघायचं. तुम्ही परवानगी दिलीत तरच. नाही म्हणालात तरी इलाजात काही फरक पडणार नाही.

तिनं काहीही लपवलं नाही. ती दोनदा म्हणाली, की हे संशोधन आहे, याचा तुम्हाला स्वतःला उपयोग होणार नाही. पण माणूस डोळा काढायच्या दाराशी उभा असतो तेव्हा त्याच्या कानात सगळीच वाक्यं सारखी शिरत नाहीत. कोंडूच्या कानात तीन शब्द राहिले. उबेला. वाढवायच्या. नव्यानं.

"किती दिवस लागतील, बाय?" त्यानं विचारलं.

"वेळ लागेल काका. फार वेळ."

मोठं काम आहे, कोंडूला वाटलं. मोठ्या कामाला वेळ लागतोच. त्यानं सही केली.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्याच्या पापणीआड एक पातळ, पारदर्शक वाटी बसवली आणि बजावलं, ही वाटी काढायची नाही, ही जागा धरून ठेवते. डॉक्टर म्हणत होते ते नकली डोळ्याबद्दल. जखम भरली की मापाचा डोळा बनवून तिथे बसवायचा, तोवर खोबण आक्रसू नये म्हणून वाटी. पण कोंडूनं आयुष्यभर जागा धरून ठेवण्याचंच काम केलं होतं. जुनं टोक तिकडे ताटलीत वाढतं आहे, आणि इथे त्याची जागा राखायची आहे. त्याला यात न समजण्यासारखं काहीच वाटलं नाही. आणि काम चालू असताना त्याबद्दल बोलायचं नसतं, म्हणून तो कुणाशी बोललाही नाही.

त्या न बोलण्यानंच सगळा घोळ झाला.

घरी आल्यावर काही दिवसांनी मोरीत तोंड धुताना ती वाटी निसटली आणि पाण्याबरोबर गेली. कोंडूनं मोरीच्या भोकात बोटं घालून पाहिलं, नळीला कान लावला, मग पापणी मिटून गप्प बसला. जागा धरणारी वस्तू आपणच हरवली हे त्याला सांगवेना. जाईबाईनं पुष्कळ उशिरा ओळखलं, तेही पापणी आत ओढल्यासारखी दिसायला लागली तेव्हा. सुगतनं त्याला धरून पुन्हा डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, आता वेळ घालवू नका, लवकर डोळा बसवून घ्या, नाहीतर जागाच राहणार नाही, मग कसलाच डोळा बसणार नाही.

नकली डोळे बनवणारा कुमार नावाचा एक कारागीर मुंबईत होता. गुलाम हुसेननं त्याचं नाव शोधून काढलं, खर्च आपल्या अंगावर घेतला आणि वेळ ठरवली. कोंडू गेला नाही.

तो अडकला होता, आणि कशात अडकला होता ते त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. जागा रिकामी ठेवली तर ती मिटते. भरली तर खरा डोळा आल्यावर बसवायचा कुठे? पडवीत बसून तो याच एका गोष्टीभोवती फिरायचा, आणि फिरताना आणखी भलत्याच वाटा फुटायच्या. तिकडे ताटलीत त्या डोळ्याला काय दिसत असेल? छप्पर, की त्या बायचं तोंड? एकदा कोंडूला ताप भरला तेव्हा त्याला वाटलं, तिकडे त्यालाही भरला असेल का, आणि कुणी बघितलं असेल का? सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट वेगळीच होती. नव्यानं वाढलेला डोळा म्हणजे तान्हाच म्हणायचा. मग तो बसवल्यावर जाईला ओळखेल, की उजव्या डोळ्यानं त्याला सांगावं लागेल ही कोण आहे ते?

विचारणार कुणाला? विचारलं की तुटतं.

इकडे घरात प्रत्येकानं आपापला अर्थ लावला होता. जाईबाईला वाटे, पुन्हा इस्पितळात जायला हे घाबरतात. सुगतला वाटे, बाप मनानं खचलाय. त्यानं एक काळा चष्मा आणून दिला, तो खिळ्याला लटकत राहिला. आणि गुलाम हुसेनला वाटे, कोंडूनं आपल्याला माफ केलेलं नाही.

शेवटी एका शुक्रवारी, कारखाने बंद होते तेव्हा, गुलाम हुसेन नमाजानंतर थेट शेलारला आला. इस्त्रीचा कुर्ता, टोपी डोक्यावरच. पडवीत खाटेच्या कडेला टेकला आणि चहा यायच्या आत त्यानं तोंड उघडलं.

"कोंडू, आता सीधी बात कर. माझ्या कारखान्यात झालं, म्हणून माझ्या पैशाचा डोळा तुला नको. असंच ना?"

"तसं न्हाय, शेठ."

"मग कसं? कुमारकडे दोन वेळा वेळ घेतली. दोन्ही वेळा तू गायब. पहिल्यांदा म्हणे पोट बिघडलं. दुसऱ्यांदा म्हणे कोंबडी हरवली."

"हरवली व्हती," जाईबाई आतून म्हणाली. "सांजच्याला आली."

"भाभी, कोंबडीला दोन डोळे आहेत, ती येणारच. याचं बोला." गुलाम हुसेननं टोपी काढून मांडीवर ठेवली. "तो लूम मी भंगारात टाकला कोंडू. तुला कुणी सांगितलं नसेल. मशीन बघणारा जॉबर बोलला, दुरुस्त होईल. मी बोललो, नको. रोज तिथून जाताना माझी मान खाली जाते. तुला मला शिवी द्यायची तर दे. पण हे तोंड असं ठेवून मला शिक्षा देऊ नको."

कोंडूनं उजव्या डोळ्यानं त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यानं गुलाम हुसेनचा असा आवाज ऐकला नव्हता. आपण गप्प राहिल्यामुळे हा माणूस शिक्षा भोगतो आहे, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. आता बोलावं तर रिवाज मोडतो, न बोलावं तर हा मोडतो. कोंडूनं जमिनीकडे बघत सांगून टाकलं.

"शेठ, माझा डोळा हाय अजून. वाढतोय तिकडं."

"कुठे?"

"इस्पितळात. ताटलीत. ती बाय वाढवते. वेळ लागतो बोलली. हितं नकली बसवला तर तो आल्यावर कुठं घालू?"

गुलाम हुसेननं जाईबाईकडे पाहिलं. जाईबाई चहाचे कप घेऊन दारात आली होती ती तिथेच खाली बसली.

"आख्खा डोळा?" गुलाम हुसेननं विचारलं.

"व्हईल की आख्खा."

"आन् मला न्हाय सांगितलंत?" जाईबाई म्हणाली.

"काम चालू असताना बोलत्यात का?"

"मी काय कारखान्यातली हाय? मी बायको हाय तुमची. रोज तुमच्या पापनीत थेंब घालतेय मी, आन् तुमी तिकडं दुसरा डोळा पाळलाय."

गुलाम हुसेन बराच वेळ टोपी बोटांवर फिरवत राहिला. मग म्हणाला, "मी तुला एक गोष्ट तेव्हाच विचारणार होतो, शरमेनं विचारली नाही. आमच्यात माणसाचं बोट तुटलं तरी फडक्यात बांधून इज्जतीनं पुरतात. माणसाचा हिस्सा आहे, असा फेकत नाहीत. मी म्हटलं, कोंडूचा डोळा कुठे गेला असेल? आणि आता तू सांगतोस, तो जिवंत आहे. माझं डोकं चालत नाही, कोंडू. मी आता त्याच्यासाठी दुवा मागू की खड्डा?"

"मला बी न्हाय कळत," कोंडू म्हणाला. आणि हे इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच मोठ्यानं म्हणत होता.

सुगत संध्याकाळी शिफ्टवरून आला तेव्हा तिघंही पडवीतच होती. त्यानं सगळं ऐकून घेतलं, कपाळाला हात लावला आणि कागदावरचा नंबर शोधून मेघालीला फोन केला. फोनचा आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. कोंडूनं विचारलं, "बाय, किती झालं?" विचारताना त्यानं बोटं घट्ट मिटली होती.

मेघालीला आधी कळलंच नाही, काय झालं ते. सुगतनं सगळं समजावून सांगितलं. मग ती म्हणाली, "काका, चूक माझी आहे. मी सांगितलं, पण तुम्हाला कळलं का ते बघितलं नाही. तुम्ही इथे या. मी माझ्या मॅडमची परवानगी घेते. तुमच्या डोळ्यानं बघा."

गुलाम हुसेनच्या गाडीतून कोंडू, सुगत आणि शेठ निघाले. कशेळीच्या पुढे ट्रकांच्या रांगेत गाडी अडली. गुलाम हुसेननं दोनदा विचारलं, की जिवंत वस्तू बघायला जाताना काही न्यावं लागतं का. सुगत म्हणाला, चाचा, प्रयोगशाळेत नारळ घेत नाहीत. "मी नारळ कुठे म्हटलं?" गुलाम हुसेन म्हणाला. पण मागच्या सीटवर केळी होती. ती पुढे रखवालदारानं बाहेरच ठेवून घेतली.

प्रयोगशाळा म्हणजे कोंडूला वाटलं होतं तसं काही नव्हतं. साधी खोली, टेबलं, एक गुरगुरणारं कपाट. मेघालीनं त्या कपाटातून एक चपटी काचेची ताटली काढली. कोंडू पुढे झाला. ताटलीत गुलाबीसर पाण्याखेरीज काहीच दिसेना.

"हितं हाय?"

"इथेच आहे. साध्या नजरेला दिसत नाही." तिनं ताटली सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. त्याला बघायला दोन नळ्या होत्या. कोंडूनं एकीला उजवा डोळा लावला, दुसरी नळी रिकाम्या पापणीसमोर राहिली. आधी नुसता उजेड. मग मेघालीनं काहीतरी फिरवलं, आणि भिजलेल्या सब्जासारखे चार-दोन गोळे दिसले. मध्ये काळपट, कडेला फिके, एकमेकांपासून लांब लांब.

"हे?"

"हे. तुमच्या डोळ्याच्या कडेच्या पेशींपासून वाढलेले. पुष्कळशा पेशी वाढल्या नाहीत. या काही वाढल्या. दर थोड्या दिवसांनी मी यांचं पाणी बदलते."

कोंडू बघतच राहिला. त्याला वाटलं होतं, आपल्याला ओळख पटेल. ओळख पटेना. मग त्याला अशी शंका आली, की आपण त्यांना ओळखायचं की त्यांनी आपल्याला?

"ह्यांना दिसतंय का, बाय?"

"नाही, काका. आपण कोण व्हायचं हेच यांचं अजून ठरलेलं नाही. आणि खरं सांगू, आमचंही ठरलेलं नाही. काही शास्त्रज्ञ म्हणतात, या खऱ्या मूळ पेशी आहेत, यांतून पडद्याच्या पेशी होतील. काही म्हणतात, नाही, या साध्याच रंगाच्या पेशी आहेत, ताटलीत ठेवल्यामुळे वेगळं वागतायत."

"म्हणजे तुम्हालाही माहीत नाही?" गुलाम हुसेन म्हणाला.

"नाही."

"मग इतकं शिकून आपण सगळे एकाच गाडीत." मेघालीला हसू आलं. कोंडूला आलं नाही.

"ह्यातनं डोळा कवा व्हईल?" त्यानं नळीवरून डोळा न काढता विचारलं.

मेघालीनं खुर्ची त्याच्याजवळ ओढली, पहिल्या वेळेसारखीच. पण या वेळी तिनं एकेक वाक्य बोलून थांबायला सुरुवात केली. "यातून डोळा होणार नाही, काका. कळलं का?" तो नळीतूनच बघत राहिला. "तुमचा डोळा परत येणार नाही. कधीच." त्यानं नळीवरून डोळा काढला. "डॉक्टरांनी जी जागा धरून ठेवायला सांगितली, ती बनवलेल्या डोळ्यासाठी. ती भरायलाच हवी."

सुगतनं बापाच्या खांद्यावर हात ठेवला. कोंडूनं हळूच तो बाजूला केला.

"मंग ह्यांना खायला कशाला घालता?"

"कधीतरी, कुणाच्या तरी पडद्याला यातून ठिगळ लावता येईल, या आशेनं. ते कोण असेल मला माहीत नाही. होईल का तेही माहीत नाही." मग ती म्हणाली, "आणि काका, तुमचा समज चुकीचा होता, म्हणून मी तुम्हाला पुन्हा विचारायला हवं. तुम्ही आता नाही म्हणू शकता. मग आम्ही हे थांबवू."

"थांबवाल म्हंजे काय कराल?"

"नष्ट करावं लागेल."

गुलाम हुसेन पुढे झाला. "मुली, त्यापेक्षा आम्हाला दे. आम्ही नीट घेऊन जाऊ. माझ्याकडे जागा आहे." मेघालीनं समजावलं, की तसं बाहेर देता येत नाही, नियम आहेत. तो मागे सरला, पण समाधान झालेलं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

सगळे कोंडूकडे बघत होते. त्यानं पुन्हा नळीला डोळा लावला. जे आपल्याला परत मिळणार नाही, ज्याला दिसत नाही, जे काय आहे ते शिकलेल्यांनाही कळत नाही, ते आपलं म्हणायचं की नाही? आपलं नसेल तर आपण हो-नाही कशाला सांगायचं? आणि आपलं असेल तर 'मारा' असं कसं म्हणायचं? त्यानं पुष्कळ वेळ घेतला. एका टोकाचं दुसरं टोक त्याच्या हाताला लागत नव्हतं.

"ऱ्हाऊ दे," शेवटी तो म्हणाला. "वाढतंय तवर वाढू दे."

का, ते त्याला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. कुणी विचारलं नाही.

तिथून ते कुमारकडे गेले. कुमारनं पापणी उघडून पाहिली आणि तो सुगतवरच उखडला. "इतके दिवस काय करत होता? वाटी मावायची तिथे आता शिंपला मावायची मारामार." मग शांत होऊन त्यानं सांगितलं, आधी अगदी लहान वाटी बसवू, मग जराशी मोठी, मग आणखी मोठी. कातडी हळूहळू जागा देते, आणि कधी कधी देतही नाही. कोंडू या वेळी चुकला नाही. दर वेळेला बसनं जायचा, वाटी दुखायची, पाणी यायचं, सहन करायचा. शेवटी जेव्हा कुमारनं त्याला समोर बसवून, उजव्या डोळ्यात बघत बघत डावा रंगवला, तेव्हा बुबुळाभोवतीचं म्हातारपणाचं करडं कडंसुद्धा त्यानं सोडलं नाही. डोळा उजव्यापेक्षा थोडा बारीक दिसत होता. तेवढं राहणार, कुमार म्हणाला.

तो घालून कोंडू पहिल्यांदा कारखान्यात गेला तेव्हा गुलाम हुसेन त्याच्यासमोर उभा राहून एकदा इकडे, एकदा तिकडे बघायला लागला.

"कोंडू, बोलताना मी कुठल्या डोळ्यात बघू?"

"पैशे द्यायचे असतील तर उजव्यात बघा. न्हाय तर डाव्यात."

कारागीर हसले. गुलाम हुसेन हसता हसता ऑफिसात गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

कोंडू पुन्हा बीम जोडायला लागला. एका डोळ्यानं तार लांब आहे की जवळ ते पटकन उमगत नसे, दोन टोकं हवेत एकमेकांना चुकवून जात. पण बोटांना सवय होती, काम संथ झालं तरी होत गेलं. अधूनमधून तो मेघालीला फोन करायचा. रिवाज एकदा मोडलाच होता. "हायत का?" एवढंच विचारायचा. "आहेत, काका," ती सांगायची. कधी म्हणायची, एक गोळा मोठा झालाय. कधी म्हणायची, दोन गेले. फोन ठेवल्यावर जाईबाई विचारायची, "काय म्हनाली?" तो सांगायचा, "हायत." जाईबाई एकदा शेजारणीला म्हणाली, "ह्यांचा डोळा मुंबईला असतो." शेजारीण बघतच राहिली, तेव्हा ती म्हणाली, "मला इचारू नको बाय, मला बी समजत न्हाय."

एका सकाळी फोन मेघालीकडून आला. कोंडू पडवीत मासे धरायची जाळी विणत होता, जाईबाई तांदूळ निवडत होती.

"काका, तुमच्या पेशी थांबल्या," ती म्हणाली. "गेले काही दिवस वाढत नव्हत्या. आज बघितलं तर एकही उरलेली नाही."

"काय चुकलं का तुमचं?"

"नाही वाटत. कधी कधी थांबतात. का थांबतात तेच आम्ही शोधतोय."

"काय कळलं का पन त्यातनं?"

"थोडं कळलं. नेमकं काय कळलं, ते मलाही अजून धड सांगता येत नाही, काका."

"बरं," कोंडू म्हणाला. मग त्याला वाटलं, पोरीला वाईट वाटलं असेल. म्हणून म्हणाला, "जेवलीस का?" ती म्हणाली, अजून नाही. "जेव," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

त्यानं जाईबाईला सांगितलं. जाईबाईनं सूप बाजूला ठेवलं. डोळा गेला तो दिवस कोणता धरायचा, हा प्रश्न दोघांपुढे एकदमच उभा राहिला. धोटा लागला तो, काढला तो, की आजचा? कोंडूनं बोटं मोजल्यासारखी उघडली आणि पुन्हा मिटली. गुलाम हुसेनला कळवायचं का? कळवलं तर तो पुन्हा पुरायचं काढील, आणि पुरायला तर काहीच नाही.

"तवा तुमी रडला न्हाय," जाईबाई म्हणाली. "इस्पितळात बी न्हाय, घरी आल्यावर बी न्हाय."

"तवा गेला न्हवता ना."

"मंग आता गेला."

"आता गेला म्हनायचं," कोंडू म्हणाला, आणि त्याची हनुवटी हलायला लागली. त्याला रडायची सवय नव्हती, त्यामुळे ते कुठून सुरू होतं हेही त्याला धड ठाऊक नव्हतं. जाईबाई पुढे सरकली. तिनं पदर हातात घेतला आणि थबकली. पाणी उजव्या डोळ्यातून येत होतं, आणि कुमारनं रंगवलेल्या डाव्याच्या कडेनंही येत होतं, उजव्याइतकंच.

"कंचा पुसू?" तिनं विचारलं.

"दोनी पूस," कोंडू म्हणाला.